एकच समुद्र, सहा गावे

यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीच्या शिवारात पडलेला पाऊस अरबी समुद्रापर्यंत कधीच पोचत नाही. ओढ्या-नाल्यांतून तो पैनगंगेला जातो, पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. आपल्या राज्याला सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा आहे, पण महागाव तालुक्यातल्या पाण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. रस्त्याने जायचे म्हटले तर नांदेड, पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, मंडणगड असे करत दापोलीचा किनारा सातशेहून जास्त किलोमीटर पडतो.

तरीही एक नाते आहे, ते दगडाचे. आपण ज्या काळ्या मातीत कापूस, तूर आणि सोयाबीन पेरतो ती माती बेसाल्ट झिजून झालेली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार उभे राहिले. त्या पठाराचा पश्चिमेकडचा तुटलेला काठ म्हणजे सह्याद्री आणि त्याच्या पायथ्याची अरुंद पट्टी म्हणजे कोकण. दापोली तालुक्यातल्या मुरूडच्या पुळणीवर लोहचुंबक फिरवला तर त्याला बारीक काळे कण येऊन चिकटतात. ते लोहयुक्त कण याच खडकातून सुटून आलेले असतात. म्हणूनच इथली वाळू राखाडी, काळसर आहे. मालवणजवळच्या तारकर्लीला ती उजळ दिसते, कारण खाली सिंधुदुर्गात बेसाल्ट संपत येतो आणि त्याहून कितीतरी जुना, गारगोटीचा अंश जास्त असलेला खडक वर येतो. पांढऱ्या वाळूचे फोटो पाहून दापोलीला जाणाऱ्याने हे आधीच मनाशी धरावे.

या प्रकरणात दापोली तालुक्यातली सहा गावे घ्यायची आहेत. उत्तरेकडून दक्षिणेकडे ती अशी येतात: केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर. एका दिवसात गाडीने सगळी पाहून होतात आणि बहुतेक पाहुणे तसेच करतात. संध्याकाळी विचारले तर सगळे किनारे सारखेच वाटले म्हणतात. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. समुद्र सगळीकडे तोच असला तरी या सहा गावांतली कुठलीही दोन सारखी नाहीत, आणि वेगळेपणाचे कारण दर वेळी जमिनीत सापडते. खाडीचे तोंड कुठे उघडते, डोंगराचे नाक समुद्रात कुठे शिरते, पाण्यातला एखादा खडक लाटा अडवतो की नाही, पुळणीमागे सपाट जागा किती आहे, यावरून गावात कोण राहणार, काय पिकणार आणि पाहुण्याच्या ताटात काय येणार हे ठरत गेले.

सह्याद्रीचा माथा इथून पन्नास-साठ किलोमीटरवर. तिथून निघालेल्या नद्यांना धावायला जागाच नसते. पावसाळ्यात त्या लाल पाण्याने भरून वाहतात आणि उन्हाळ्यात कोरड्या पडतात. पण त्यांची मुखे मोठी आहेत, कारण समुद्र आत घुसून त्यांची खाडी करतो. दोन खाड्यांच्या मधे डोंगराची सोंड समुद्रात उतरते, आणि दोन सोंडांच्या मधल्या बाकात वाळू साचते. अशा प्रत्येक बाकात एक गाव वसले. सोंड आडवी असल्याने शेजारच्या गावाला जायचे म्हणजे घाटी चढून उतरायची किंवा होडीने खाडी ओलांडायची. पूल आणि डांबरी रस्ते यायच्या आधी हे दोन-चार किलोमीटरचे अंतर आपल्याकडच्या दहा किलोमीटरपेक्षा अवघड होते. गावे इतकी निरनिराळी राहिली ती त्यामुळे.

गावांकडे वळण्याआधी भरती-ओहोटी समजून घ्यायला हवी. आपल्या भागातून गेलेल्या माणसाचे अर्धे नियोजन इथेच फसते. सकाळी ज्या वाळूवर पोरे क्रिकेट खेळत होती, तिथे दुपारी कमरेएवढे पाणी असते. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. दोन भरत्यांत साडेबारा तासांच्या आसपास अंतर असते, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. चंद्राची तिथीही रोज एकाने पुढे सरकते. यातूनच एक जुना ठोकताळा निघाला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटीची वेळ. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवरून घरबसल्या एवढे कळणे थोडके नाही.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र एकाच रेषेत ओढतात, पाणी जास्त चढते आणि तितकेच जास्त उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ओढ काटकोनात विभागली जाते, चढउतार कमी होतो, तो भांग. खंभातच्या आखातात हा चढउतार दहा मीटरपर्यंत जातो, मुंबईला त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि दक्षिणेकडे जाऊ तसा आणखी कमी होतो. कोळ्याचे सगळे वेळापत्रक यावर चालते. खाडीच्या तोंडाशी पोहायला उतरणाऱ्याने तर हे पाठच करावे. ओहोटी लागली की खाडीभर साठलेले पाणी त्या अरुंद तोंडातून जोराने बाहेर पडते आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही सोबत घेऊन जाते. वरून ते पाणी संथ दिसते, म्हणूनच फसवते.

आता केळशी. भारजा नदीची खाडी गावाच्या उत्तरेला उघडते आणि तिच्या तोंडाशी वाळूची एक भलीमोठी टेकडी आहे. वाळूच्या टेकड्या राजस्थानात असाव्यात, कोकणात कशा, असा प्रश्न पडतो. भूशास्त्राच्या अभ्यासकांना ही टेकडी फार मोलाची वाटते. वाऱ्याने आणि लाटांनी आणलेली वाळू शतकानुशतके साचून अशा टेकड्या होतात, ही नेहमीची रीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी मात्र वेगळे मत मांडले. टेकडीतल्या थरांवरून आणि तिथे मिळालेल्या जुन्या वस्तूंवरून त्यांनी म्हटले की ही वाळू त्सुनामीने आणून टाकली असावी, आणि ती त्सुनामी १५२४ सालची असावी. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये वास्को द गामाचे गलबतांचे तांडे दाभोळजवळच्या समुद्रात असताना वारा नसताना समुद्र थरथरला, माणसांना उभे राहता येईना, असे पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवले आहे. गामा त्या वेळी व्हाइसरॉय म्हणून हिंदुस्थानात येत होता. डिसेंबरमध्ये तो कोचीनला वारला. सगळे अभ्यासक त्सुनामीचे मत मानत नाहीत. पण २००४ च्या त्सुनामीनंतर हा प्रश्न निव्वळ पुस्तकी उरला नाही. पश्चिम किनाऱ्यावर मोठी लाट पूर्वी येऊन गेली असेल तर पुढेही येऊ शकते, आणि त्याचा पुरावा केळशीच्या वाळूत असेल तर ती वाळू बांधकामासाठी उपसणे म्हणजे दप्तरातली पाने फाडण्यासारखे आहे.

गाव मात्र त्या टेकडीपेक्षा महालक्ष्मीच्या देवळासाठी आणि याकूब बाबांच्या दर्ग्यासाठी ओळखले जाते. याकूब बाबांविषयी शिवाजी महाराजांना आदर होता आणि दर्ग्याला त्यांनी इनाम दिले होते. देऊळ आणि दर्गा दोन्हीकडे दोन्ही समाजांची ये-जा असते. केळशीला हॉटेले थोडी आणि मुक्कामाची सोय घरगुती. शांतता हवी असेल त्याने सहांपैकी हेच गाव धरावे.

केळशीहून दक्षिणेला उतरताना आंजर्ल्याच्या आधी रस्ता समुद्राला अगदी चिकटून जातो, आणि माझ्या मते या सगळ्या किनाऱ्यावरचा पाहण्यासारखा रस्ता तोच. आंजर्ले जोग नदीच्या खाडीच्या काठी आहे. वर जांभ्या दगडाच्या कड्यावर गणपतीचे देऊळ. मूळचे लाकडी देऊळ अठराव्या शतकात उतरवून आताचे बांधले गेले. ‘कड्यावरचा गणपती’ उजव्या सोंडेचा आहे. देवळाच्या आवारातून खाली पाहिले की वर मांडलेला सगळा विचार एका नजरेत दिसतो: खाडीचे तोंड, त्याच्या एका बाजूला लांब पुळण, पुळणीमागे माडांची गर्द पट्टी, पट्टीत लपलेली घरे, खाडीपलीकडे मच्छीमारांच्या होड्या आणि त्यामागे हर्णैचा समुद्रातला किल्ला. नकाशा वाचता येत नाही म्हणणाऱ्या माणसाला इथे दहा मिनिटे उभे करावे.

खाडीच्या आतल्या अंगाला मुर्डी आहे. ‘गारंबीचा बापू’ लिहिणारे श्री. ना. पेंडसे या मुर्डीचे. जवळच्या गारंबीला त्यांनी १९५२ साली मराठी वाचकाच्या नकाशावर कायमचे नेऊन ठेवले.

आंजर्ल्याच्या पुळणीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी अंडी घालायला येतात. रात्री मादी वाळूवर चढते, मागच्या पायांनी हातभर खोल, मडक्याच्या आकाराचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून थापते आणि परत जाते. पिल्लांचे तोंड ती कधी पाहत नाही. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. पूर्वी ही अंडी सर्रास उकरून खाल्ली जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ साली उत्तरेकडच्या, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला घरटी राखायला सुरुवात केली. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी उकरणाऱ्या माणसांनाच राखणदार केले. हे वेळास म्हणजे नाना फडणविसांचे गाव. पुढे गावाने पाहुण्यांना घरी उतरवून कासव महोत्सव सुरू केला, आणि आंजर्ल्यानेही ती वाट धरली. २०२२ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून पहिल्यांदाच काही कासविणींच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले, तेव्हा वेळासच्या कासविणीचे नाव ‘प्रथमा’ आणि आंजर्ल्याच्या कासविणीचे ‘सावनी’ ठेवले गेले. त्याहून नवलाची गोष्ट २०२५ ची. ओडिशात २०२१ साली खूण लावलेली एक कासवीण गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे निरनिराळी, हा समज तिने हलवून सोडला.

आंजर्ले संपले की खाडी. पूर्वी होडीने पलीकडे जायचे, आता पूल आहे. पलीकडे पाजपंढरी ही कोळ्यांची मोठी वस्ती आणि तिला लागून हर्णै. इथे सगळेच बदलते. नारळी-पोफळीच्या सावल्या मागे पडतात, सुकत घातलेल्या बोंबलांचा आणि डिझेलचा वास येऊ लागतो. आंजर्ल्याहून आलेला माणूस विचारतो, एवढ्याशा अंतरात बंदर इथेच का झाले? उत्तर समोर पाण्यात उभे आहे. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर खडकाचे बेट आहे, त्यावर सुवर्णदुर्ग. ते बेट आणि बाजूचे खडक समुद्राच्या लाटा अंगावर घेतात, त्यामुळे मागच्या पाण्यात बोटी नांगरता येतात. मुरूडच्या सरळ उघड्या पुळणीवर बोट अशी सुखाने उभी राहणार नाही.

आणि जिथे बोटी उभ्या राहतात तिथे किल्ले लागतात. पाण्यातल्या सुवर्णदुर्गाची पाठराखण करायला जमिनीवर कनकदुर्ग, गोवा आणि फत्तेगड असे तीन किल्ले एकमेकांना खेटून आहेत. कनकदुर्गावर आता दीपगृह आहे. सुवर्णदुर्गाच्या दारात पायरीवर कासव कोरलेले आहे आणि बाजूच्या भिंतीवर मारुती. कान्होजी आंग्र्यांची कारकीर्द याच किल्ल्याच्या आसऱ्याने वाढली. त्यांचा मुलगा तुळाजी पेशव्यांना जुमानेना, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हात मिळवला आणि एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने समुद्रावरून तोफा डागून सुवर्णदुर्ग घेतला. मराठ्यांचे आरमार मराठ्यांच्याच संमतीने मोडायला तिथून सुरुवात झाली, आणि मला ही आपल्या इतिहासातली फार मोठी चूक वाटते. पुढच्याच वर्षी विजयदुर्गही पडला. जेम्स श्रीमंत होऊन लंडनला परतला. तो वारल्यावर त्याच्या पत्नीने १७८४ साली लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या आठवणीसाठी एक त्रिकोणी मनोरा बांधला आणि त्याला नाव दिले ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. सुवर्णदुर्गाचा तो इंग्रजी उच्चार. मनोरा अजून उभा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत सुवर्णदुर्ग आहे.

हर्णैला जायचे ते लिलावाच्या वेळी. मोठ्या बोटी खोल पाण्यात थांबतात आणि मासळी छोट्या होड्यांतून काठाकडे येते. उथळ पाण्यात बैलगाड्या घालून ती आणायची इथली जुनी पद्धत. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे असतात, लाट आली की मान वर करतात आणि हलत नाहीत. आपल्याकडच्या बैलाला हे शिकवायला जन्म जाईल. ओल्या वाळूवर पाट्या मांडल्या जातात: एकीत सुरमई, दुसरीत पापलेट, पुढे कोळंबी, बांगडे, म्हाकूळ. बोली पाटीवर लागते, किलोवर नाही. बोलणाऱ्याचा आकडा भराभर चढतो, नवख्याच्या कानाला नीट कळायच्या आत पाटी विकली जाते आणि लगेच तिच्यावर बर्फाचा चुरा पडतो. बोली लावण्यात बायका पुढे असतात. दर्यावर जायचे ते पुरुषांनी, पण काठावर आलेल्या मासळीचा पैसा करायचा तो बायकांनी, ही कोळ्यांची जुनी वाटणी. किरकोळ घ्यायला गेलात तर भावाआधी कोळीण विचारते, “दादा, कालवण करायचंय का तळायचंय?” त्यावर ती मासा निवडते, आणि तिच्या निवडीवर भरवसा ठेवलेला बरा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तो माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही तेव्हा खवळलेला असतो. त्या दोन महिन्यांत ‘ताजी सुरमई’ असा फलक दिसला तर ती कुठून आली हे जरूर विचारावे.

हर्णैहून मुरूड हाकेच्या अंतरावर. मुरूड-जंजिरा ते हे नव्हे. तो रायगड जिल्ह्यात, आणि गाडी आरक्षित करताना हा घोटाळा पुष्कळांचा होतो. हे मुरूड म्हणजे आखून वसवलेले गाव. मधून सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना घरे, प्रत्येक घरामागे समुद्राच्या किंवा डोंगराच्या दिशेने लांबट वाडी. वाडीत उंच माड, त्यांच्या सावलीत पोफळी, पोफळींना चढलेले मिरवेल, खाली केळी आणि हळद. एकाच एकरात चार मजली शेती. पोफळीला उन्हाचा कडाका सोसत नाही, म्हणून माडाची छत्री तिला लागते. हे सगळे शिंपण्यावर चालते. पूर्वी रहाटाने, आता पंपाने.

समुद्रापासून शंभर पावलांवरच्या विहिरीला गोडे पाणी कसे, याचे फुलसावंगीच्या माणसाला सर्वात जास्त नवल वाटावे. पावसाचे पाणी वाळूत मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. विहीर उथळ ठेवली आणि हळूहळू उपसली तर वरचे गोडे पाणीच मिळत राहते. जोराच्या पंपाने भसाभस उपसले की खालचे खारे पाणी वर चढते, आणि एकदा वाडी खाऱ्या पाण्यावर गेली की पोफळीची पाने पिवळी पडायला वेळ लागत नाही. आपल्याकडे बोअर आटते तेव्हा पाणी संपते. इथे पाणी असते पण ते वाया गेलेले असते. दापोलीला वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, यवतमाळ जिल्ह्याच्या तिप्पट-चौपट. तरी मे महिन्यात वरच्या जांभ्याच्या सड्यांवरच्या वाड्यांना पाणी पुरत नाही, कारण जांभा सच्छिद्र आहे आणि पडलेले पाणी दिवाळीनंतर फार काळ धरून ठेवत नाही. पर्यटकाने खोलीत बादलीभर पाणी कमी वापरावे असे घरमालक सुचवतो, तेव्हा त्यामागे हे सगळे असते.

याच मुरूडचे महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांचा जन्म आजोळी शेरवलीला, १८५८ चा, पण वाढले ते मुरूडला. परीक्षेला बसायला ते इथून साताऱ्यापर्यंत डोंगर-दऱ्या तुडवत पायी गेले, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. पुढे त्यांनी गावाच्या कामासाठी ‘मुरूड फंड’ काढला. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, पुनर्विवाह केला, तेव्हा याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. गावावर माया करणारा माणूस आणि त्याला वाळीत टाकणारे ते गाव, दोघांनीही पुढची कित्येक वर्षे हे ओझे वाहिले. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले आणि १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. आज गावात त्यांचे स्मारक आहे. किनाऱ्यावर जाणारी गर्दी तिथे थांबत नाही. मुलींना घेऊन आलेल्या आई-बापांनी तरी थांबावे.

मुरूडची पुळण पुढे तशीच कर्द्याला मिळते. कर्दे म्हणजे सपाट, रुंद आणि लांबलचक किनारा, बाकी फारसे काही नाही, आणि मुलांना तेवढेच पुरते. सकाळी इथून होड्या डॉल्फिन दाखवायला निघतात. होडी त्यांच्या अंगावर घालू नये, पाठलाग करू नये, असे नावाड्याला आधीच सांगावे, तो ऐकतो. वाळूवर मोटार नेण्याचा मोह मात्र आवरावा. ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू भरती वळली की चाकाखालून सुटते, आणि मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

कर्द्याच्या टोकाला डोंगराचे नाक आडवे येते. ते ओलांडले की लाडघर. इथे अर्ध्या किनाऱ्यावर वाळू आणि अर्ध्यावर गुळगुळीत रंगीत खडे. लाटा तिरक्या येऊन आपटतात, बारीक वाळू टिकत नाही, खडे राहतात. जवळच तामसतीर्थ आहे, जिथे पाण्याला तांबूस छटा दिसते. पोहायला लाडघर चांगले नाही, बसून समुद्र ऐकायला फार चांगले. लाट मागे हटताना खड्यांचा जो खळखळाट होतो तो शेजारच्या कर्द्याला नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि त्याचा तडाखा या गावांनाही बसला. हर्णैला बोटींचे नुकसान झाले, ते दुरुस्तीने भरून येण्यासारखे. केळशी, आंजर्ले, मुरूडच्या वाड्यांत मात्र माड आणि पोफळी एका दिवसात आडव्या झाल्या. पोफळ सडपातळ, मधेच मोडते. नवी लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षे. तोवर घर कशावर चालवायचे? वाडीत दोन खोल्या बांधून पाहुणे ठेवायचे, हे उत्तर आधीपासून होतेच, वादळानंतर ते आणखी पटले. म्हणूनच मी म्हणतो की राहायचे ते अशा घरगुती ठिकाणी. आंजर्ले-मुरूडला उकडीचे मोदक, कुळथाचे पिठले, आमसुलाचे सार. कर्दे-हर्णैला सुरमईचे कालवण आणि तांदळाची भाकरी. आपल्या ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्याला ही भाकरी पहिल्या दिवशी मऊ लागते.

जाण्याची वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कासवांची पिल्ले पाहायची तर मार्च. कॅलेंडर पाहून दशमी-एकादशीच्या आसपास पोचावे: सकाळी आठच्या सुमारास भरती, दुपारी दोन-अडीचला ओहोटी, आणि तेव्हा ओल्या वाळूवर चालायला भरपूर जागा. मुक्काम आंजर्ल्याला किंवा मुरूडला ठेवावा, एक संध्याकाळ हर्णैच्या लिलावाला द्यावी, केळशीला एक पूर्ण सकाळ.

हातात आणखी एक दिवस असेल तर लाडघरहून दक्षिणेला बुरोंडी, कोळथरे करत दाभोळला जावे. वाशिष्ठीच्या खाडीवरचे हे बंदर बहमनी काळात एवढे गजबजलेले होते की अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात परतीच्या वाटेवर इथूनच होर्मुझकडे निघाला. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने ते जाळले. त्यानंतरच्या काळातली अंडा मशीद आज खाडीकाठी उभी आहे. तिच्याजवळून फेरीबोट सुटते. मोटारी, ट्रक, दुचाक्या आणि कोंबड्यांच्या खुराड्यांसकट माणसे घेऊन ती पलीकडे धोपाव्याला लागते. तिथून गुहागर तालुका सुरू होतो. त्याची पुळण मुरूडहून वेगळी आहे, आणि ते पुढच्या प्रकरणात.